पडीक म्हणजे रिकामं नव्हे

पालघर-बोईसरच्या श्रोत्यांना चित्रांचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. इथल्या वारली घरात लग्नाला सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. काही काळानं तो पुसट होतो, पुढच्या लग्नात पुन्हा लिहिला जातो. म्हणजे चौक टिकतो तो लिहिणाऱ्यांमुळे, भिंतीमुळे नव्हे.

दक्षिण कोकणातली कातळशिल्पं याच्या अगदी उलट आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर, उघड्या जांभ्यात ती खोदलेली आहेत. त्यांचा काळ मध्याश्मयुगापासून आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत मानतात. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या आत इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती आहेत. काही ठिकाणी गेंडा दिसतो. आज तो कोकणात नाही. हे खोदणारे कोण, त्यांची भाषा कुठली, सांगणारं कुणी उरलं नाही. उरला तो फक्त दगड.

आणि नेमका तोच दगड आपण चिरा म्हणून घराला वापरतो! सड्यावर भातशेती फारशी होत नाही, म्हणून ती जमीन कागदोपत्री पडीक ठरते. मग चिरेखाण, रस्ता, कारखाना, सगळ्यांची नजर तिकडेच वळते.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी सडे पायी तुडवून ही शिल्पं उजेडात आणली. 2022 मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं फणसायमाळ अशी नऊ स्थळं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण तात्पुरती यादी म्हणजे उमेदवारी. तिच्यानं संरक्षण मिळत नाही. यादीतल्या बारसूच्याच परिसरात 2023 मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि आंदोलन पेटलं.

मी उद्योगाच्या विरोधात बोलत नाहीये. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते. पुढच्या विस्तारासाठी अक्करपट्टी-पोफरणची माणसं उठली, हे तुम्ही पाहिलंय. त्यांनी सोसलं ते सोसलंच. तरी माणसं दुसरीकडे नव्यानं घर मांडू शकतात. कातळशिल्पाला तीही सोय नाही.

म्हणून नुसतं चित्राभोवती कुंपण घालून भागणार नाही, आजूबाजूचा सडाही राखावा लागेल. खाणीला परवानगी देण्याआधी सडा चालून पाहणी व्हावी. शिल्पाची नोंद सातबाऱ्यावर यावी. आणि ज्या शेतकऱ्याची ती जमीन आहे, त्याला ती राखण्याचा मोबदला मिळावा. वारसा सगळ्यांचा आणि तोटा एकट्याचा, हा न्याय नव्हे.