क्रिस्प स्ट्रीट बाजारातील घड्याळमनोरा

पूर्व लंडनमधील पॉप्लर येथील बाजारचौकात उभा असलेला युद्धोत्तर काळातील मनोरा. वास्तुविशारद फ्रेडरिक गिबर्ड. गोदीलगतची ही कामगारवस्ती दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकीत मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली. तिच्या जागी लंडन कौंटी कौन्सिलने नवी वसाहत उभारली आणि तिला पॉप्लरचे मजूर पुढारी जॉर्ज लॅन्सबरी यांचे नाव दिले. गंमत अशी, की १९२१ मध्ये याच कौन्सिलच्या वाट्याचा कर वसूल करायला नकार देऊन लॅन्सबरी आणि त्यांचे पॉप्लरमधील सहकारी नगरसेवक तुरुंगात गेले होते. गरीब वस्तीवर श्रीमंत वस्तीइतकाच बोजा का, हा त्यांचा सवाल होता.

१९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय महोत्सवात ही अर्धवट बांधलेली वसाहतच प्रदर्शन म्हणून खुली करण्यात आली. गर्दी मात्र थेम्सकाठच्या मुख्य प्रदर्शनाकडेच राहिली. पूर्वी क्रिस्प स्ट्रीटवर रस्त्यातच बाजार भरे. गिबर्ड यांनी तो नव्या वसाहतीतील, वाहनांना मज्जाव असलेल्या चौकात आणला. मधोमध भाजी-फळांचे स्टॉल, भोवती दुकाने आणि दुकानांवर बिऱ्हाडे अशी ही मांडणी आहे. ब्रिटनमध्ये केवळ पादचाऱ्यांसाठी आखलेल्या पहिल्या बाजारपेठांत तिची गणना होते.

मनोऱ्याचे वैशिष्ट्य घड्याळात नाही, जिन्यांत आहे. एकमेकांत गुंफलेले दोन स्वतंत्र जिने एकाच उभ्या जागेत बसवले आहेत, एक चढण्यासाठी आणि दुसरा उतरण्यासाठी. त्यामुळे चढणारा आणि उतरणारा समोरासमोर येत नाहीत. हे जिने भिंतीआड दडवलेले नाहीत. वीट आणि काँक्रीटच्या या बांधकामात त्यांच्या तिरप्या रेषा एकमेकींना छेदत वर जाताना खालूनही दिसतात, आणि मनोऱ्याला वेगळ्या नक्षीची गरजच उरत नाही. बाजाराला आलेल्या कोणीही वर जाऊन आपली नवी वस्ती पाहावी, असा हेतू होता. पुढे जिने लोकांना बंद झाले, आणि खास प्रसंग वगळता वर जाता येत नाही. घड्याळ तेवढे वापरात राहिले. मूळ कल्पनेत त्याचे स्थान खरे तर दुय्यम होते.

गिबर्ड यांनी पुढे लिव्हरपूलचे रोमन कॅथलिक कॅथीड्रल आणि लंडनच्या रीजंट्स पार्कमधील मशीद बांधली; त्या वास्तूंपुढे हे काम लहान, पण त्यातली कल्पकता कमी नाही. मनोऱ्याला २०१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीची संरक्षित वास्तू म्हणून दर्जा मिळाला. परिसरात आता बांगलादेशी मूळ असलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. डॉकलँड्स लाइट रेल्वेचे ऑल सेंट्स स्थानक बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.