टोनर (घरगुती)

चेहरा धुतल्यावर आणि तेल किंवा क्रीम लावण्याआधी त्वचेवरून फिरवायचा पाण्यासारखा पातळ द्रव. या नोंदीत विशेषेकरून गुलाब, तांदूळ, काकडी, चहा अशा हाताशी असलेल्या जिनसांपासून घरी केलेले. मराठीत त्याला रुळलेला प्रतिशब्द नाही. पार्लरमध्ये आणि घरातही ‘टोनर’च म्हणतात, आणि पुष्कळ घरांत टोनर म्हणजे मेडिकलमधून आणलेली गुलाबपाण्याची बाटली. घरी केलेले टोनर मात्र बाटलीबंद प्रसाधनापेक्षा कोशिंबिरीच्या जातीचे असते: आज करावे, उद्या-परवा संपवावे. ती महिनाभर टिकणारी वस्तू आहे असे समजण्यातून या विषयातल्या निम्म्या चुका होतात.

गरज : त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ४.७ ते ५.५, म्हणजे सौम्य आम्ल असतो. शाडे आणि मार्किओनीनी या जर्मन वैद्यांनी १९२८ मध्ये याला ‘आम्ल कवच’ असे नाव दिले. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. साबणाने तोंड धुतले की हे कवच काही काळ बिघडते आणि त्वचा ओढल्यासारखी होते. पाणी बोअरचे, जड असेल तर साबण त्यातल्या क्षारांशी मिळून पांढरट चिकट थर धरतो. न्हाणीघराच्या फरशीवर बसतो तोच. टोनरचे मूळ काम हा थर, तसेच चेहरा साफ करायला वापरलेल्या क्रीमचा तेलकटपणा पुसून काढणे आणि त्वचेला पुन्हा आम्लतेकडे नेणे. आजचे सौम्य फेसवॉश साबणाइतके अल्कधर्मी नसतात. ते वापरणाऱ्याला टोनरची फारशी गरज उरलेली नाही, हे आधीच सांगितलेले बरे. उरतो तो थंडावा, सुवास, थोडा ओलावा, आणि कापसाच्या बोळ्यावर आलेला धुळीचा काळा डाग पाहून होणारे समाधान.

टोनरने रंध्रे ‘बंद होतात’ असे जिथेतिथे लिहिलेले असते. रंध्रांना दारासारखे उघडझाप करणारे स्नायू नसतात. थंड किंवा तुरट द्रवाने कातडी थोडा वेळ आवळल्यासारखी होते आणि रंध्रे बारीक दिसतात, एवढेच.

तुरटपणा : त्वचा आवळणाऱ्या या गुणाला मराठीत वेगळी परिभाषा शोधावी लागत नाही. कच्चे केळे किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ धरते तो तुरटपणा, आयुर्वेदातला कषाय रस. आणि हाच गुण ज्या खड्यात भरलेला आहे त्याचे नावच तुरटी. दाढी झाल्यावर न्हावी ओल्या गालावरून तुरटीचा खडा फिरवतो. बारीक कापल्या जागेचे रक्त थांबते, आग होते आणि चेहरा ताठरल्यासारखा वाटतो. आपल्याकडचे सर्वांत जुने आणि खरेखुरे काम करणारे टोनर हेच म्हणावे लागेल, पण ते सलूनमध्ये पुरुषांच्या गालावर राहिले आणि सौंदर्याच्या सदरांत कधी शिरले नाही. तुरटीचे पाणी चांगलेच आम्ल असते. रोज वापरले तर कोरडी त्वचा फुटते. कधीतरी दाढीनंतर ठीक, रोजच्या चेहऱ्याला नको.

गुलाबपाणी : घरगुती टोनरमध्ये याचा मान पहिला. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याच्या थंड मलमात, म्हणजे आजच्या कोल्ड क्रीमच्या पूर्वजात, मेण आणि तेलाबरोबर गुलाबाचे पाणी होतेच. वाफेने अर्क उतरवण्याची विद्या अरब आणि इराणी लोकांनी वाढवली. अल-किंदीने नवव्या शतकात सुगंधी द्रव्यांच्या ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला. इराणमधील काशानजवळच्या कमसर गावी आजही मे महिन्यात गुलाबपाणी काढण्याचा हंगाम भरतो. भारतात हे काम कनौजला चालते. तांब्याच्या देगात फुले आणि पाणी घालून तोंड माती-कापसाने लिंपतात; बांबूच्या नळीतून वाफ पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भपक्यात जाते आणि तिथे थंड होऊन उतरते. जहांगीराने आपल्या आठवणींत लिहिले आहे की नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला, गरम गुलाबपाणी ताटांत ओतताना वर तरंगणारा तवंग दिसला आणि तो काढून तिने अत्तर केले. तेल वर, पाणी खाली असा हा हिशेब आहे. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते पाच टन फुले लागतात. पाण्यात प्रामुख्याने राहते ते फेनिलएथिल अल्कोहोल, कारण ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. गुलाबपाण्याचा वास अत्तरापेक्षा मवाळ आणि किंचित मधासारखा येतो तो यामुळे.

महाराष्ट्रात गुलाबपाणी चेहऱ्यापेक्षा समारंभात अधिक वापरले गेले. लग्नात दारात उभे राहून पाहुण्यांवर गुलाबदाणीने शिंपडणे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर आणि वरून गुलाबपाणी, मग आंब्याची डाळ आणि पन्हे. उत्तरेत चैती गुलाब फुलतो तोही याच सुमारास. चेहऱ्याशी त्याचा संबंध यायचा तो उटणे किंवा मुलतानी माती कालवण्यापुरता, आणि थंडीत ग्लिसरीनमध्ये मिसळून फुटलेल्या ओठांना व टाचांना लावण्यापुरता.

घरी काढायचे तर आधी फूल पाहावे. पुण्याजवळ मावळातल्या पॉलिहाऊसमधले लांब देठाचे गुलाब दिसायला देखणे असतात, पण त्यांना वास बेताचा आणि भुरीसाठी औषधांची फवारणी भरपूर. गुच्छासाठी वाढवलेले फूल चेहऱ्यासाठी घेऊ नये. हारातले फूल कुठून आले ते सांगता येत नाही, म्हणून तेही वगळावे. कुंडीतला किंवा परसातला गावठी गुलाब, फवारा न मारलेला, सकाळी ऊन चढण्याआधी खुडलेला, हा योग्य. पाकळ्या एकदा पाण्यातून काढून निथळाव्यात.

रुंद पातेल्यात कुकरमधली भोकांची ताटली उलटी ठेवून तिच्यावर रिकामी स्टीलची वाटी मांडावी. भोवती दोन मुठी पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील इतके पाणी घालावे. पाणी वाटीच्या काठाच्या बरेच खाली हवे. पातेल्यावर गोल बुडाची कढई बसवून तिच्यात बर्फ भरावा. फट राहिली तर कणकेची वळी करून लिंपावी. मंद आचेवर पाणी हलके खदखदू लागले की वाफ कढईच्या थंड बुडाला लागते, थेंब बुडावरून मधोमध सरकतात आणि वाटीत पडतात. कान देऊन ऐकले तर टपटप ऐकू येते. पहिली अर्धी वाटी सर्वांत सुवासिक असते. अर्ध्या-पाऊण तासाने झाकण किलकिले केल्यावर गुलाबाऐवजी शिजलेल्या पालेभाजीचा वास आला की गॅस बंद करावा.

असे उतरलेले पाणी रंगहीन असते. पाकळ्यांचा रंग वाफेबरोबर वर जात नाही, त्यामुळे बाजारात गुलाबी रंगाचे ‘गुलाबजल’ दिसले तर त्यात रंग घातलेला आहे असे समजावे. मिठाईत घालायचे पाणी म्हणून मिळते त्यातही कित्येकदा निव्वळ कृत्रिम वास असतो. लेबल वाचल्याशिवाय ते तोंडाला लावू नये. ऊर्ध्वपातनाचा खटाटोप टाळून पाकळ्या नुसत्या गरम पाण्यात भिजवणे हा दुसरा मार्ग. तो होतो काढा. त्यात रंग आणि थोडा तुरटपणा उतरतो, पण वास कमी, आणि तो लवकर नासतो. या काढ्याची एक गंमत मात्र मुलांना दाखवण्यासारखी आहे: काढा मळकट दिसतो, त्यात लिंबाचा थेंब पडताच लालबुंद होतो आणि चिमूटभर सोडा घातला की निळसर-हिरवट होतो. सामू म्हणजे काय ते प्रयोगशाळेवाचून कळते.

तांदळाचे पाणी : वैद्यकातले तण्डुलोदक, घरातले धुवण. वाटीभर तांदूळ एकदा धुऊन ते पहिले पाणी टाकावे, मग तिप्पट-चौपट पाण्यात अर्धा तास भिजवून, चोळून, वस्त्रगाळ करावे. हे लावल्यावर त्वचा ‘टाइट’ झाल्याचे सगळे सांगतात. तसे वाटतेही, पण कारण साधे आहे. पेजेची खळ घातलेली सुती साडी जशी कडक होते तशीच स्टार्चची पातळ साय वाळताना कातडीला ताणते. पुढच्या वेळी तोंड धुतले की खळ उतरते. हे पाणी बाहेर ठेवले तर उन्हाळ्यात एका दिवसात आंबते. आंबवलेले अधिक गुणकारी असे सांगण्याची पद्धत आहे; आंबताना लॅक्टिक आम्ल तयार होऊन सामू खाली येतो हे खरे, पण स्वयंपाकाच्या ओट्यावर नेमके काय वाढले आहे ते ठरवायला नाकाखेरीज साधन नसते.

काकडी : ९५ टक्के पाणीच. किसून, पिळून, गाळून लावावी. दोन्ही टोके कापून फेस येईपर्यंत घासण्याची सवय इथेही पाळावी, कडवटपणा तेवढा कमी. काकडीतून क जीवनसत्त्व मिळते असे म्हणतात, परंतु काकडी चिरताच तिच्यातलेच एक विकर ते जीवनसत्त्व नष्ट करू लागते. राहतो तो गारवा, आणि एप्रिलमध्ये तो कमी नाही.

चहा : हिरव्या चहाची पाने उकळत्यापेक्षा कमी गरम पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून गाळावीत. पाणी तपकिरी झाले की त्यातले उपयुक्त घटक हवेने बदलले असे समजावे. गवती चहा हा चहा नव्हे; त्यातले सिट्रल काहींच्या त्वचेला झोंबते.

घोसाळे : जपानमध्ये घोसाळ्याचा वेल जमिनीपासून काही अंतरावर कापून, कापलेले टोक बाटलीत सोडून झिरपणारे पाणी चेहऱ्याला लावण्याची जुनी चाल आहे. एडोच्या (आजच्या टोकियोच्या) काळात शिकितेई साम्बा हा विनोदी लेखक आपल्या दुकानातून १८११ पासून ‘एडोचे पाणी’ नावाचे प्रसाधन विकत असे. तिथल्या अर्क काढायच्या भांड्याचे नाव ‘रांबिकी’, म्हणजे अरबी ‘अल-अंबिक’च. आपल्याकडे घोसाळ्याची भजी होतात आणि वाळलेल्या फळाची अंग घासायची चोथरी, पण वेलाचे पाणी कुणी साठवत नाही.

टाळावयाच्या वस्तू : यांत लिंबू पहिले. बहुतेक घरगुती कृतींत ते असते आणि बहुतेक त्रासही त्यानेच होतो. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५. सामूचा एक अंक म्हणजे दहापट, तेव्हा पाचच्या आसपास असलेल्या त्वचेच्या मानाने हा रस शेकडो पटींनी, कधी हजारपट आम्ल ठरतो. दुसरी अडचण भाषांतराची. पाश्चात्त्य कृतींत ‘लेमन’ असते, ते जाड सालीचे पिवळे मोठे फळ. आपले कागदी लिंबू ‘लाइम’च्या बाजूचे. त्याच्या सालीत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये अधिक असतात आणि पिळताना सालीतले तेल रसात उतरतेच. ही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखे होते. ते लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी दिसते. आधी लाली, कधी फोड, मग ओघळाच्या आकाराचा काळपट डाग, जो जायला आठवडे किंवा महिने लागतात. उन्हात बसून लिंबे पिळणाऱ्यांच्या हातांवर असे डाग डॉक्टरांना ओळखीचे आहेत. गोरे होण्यासाठी लावलेल्या लिंबाने डाग पडावा, यापरते दुर्दैव नाही.

व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के अॅसेटिक आम्ल असते. दहापट पाणी घातले तरी त्याचा सामू तीनच्या आसपास राहतो, कारण सौम्य आम्ले पातळ केल्याने फारशी निवत नाहीत. किराणा दुकानातले स्वस्त व्हिनेगर बहुधा ‘सिंथेटिक’ असते, फळापासून केलेले नव्हे. खायचा सोडा तर उलट दिशेला जातो: सामू ८.३, म्हणजे साबणाने केलेले नुकसान पुढे चालू. दालचिनी, लवंग, पुदिन्याचा अर्क हे चेहऱ्याला नकोत.

जोड : थंडीत १०० मिलिलिटर गुलाबपाण्यात अर्धा चहाचा चमचा ग्लिसरीन घालतात. ते त्वचेत पाणी धरून ठेवते; जास्त झाले तर चिकट होते आणि धूळ बसते. मेडिकलमधले ग्लिसरीन घेताना ते औषधी दर्जाचे आहे ना हे पाहावे. ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातल्याने टोनर टिकते हा समज चुकीचा आहे. ती तेल खवट होऊ देत नाही, पाण्यातल्या जंतूंशी तिचे काही देणेघेणे नाही. शिवाय ती पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते.

वापर व साठवण : नवीन काही लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस थांबावे. मुरमे पिकलेली असतील, इसब असेल किंवा डॉक्टरांचे मलम चालू असेल तर आधी त्यांना विचारावे. घरचे गुलाबपाणी डोळ्यांत घालू नये. ते स्वच्छ असते, निर्जंतुक नसते, आणि डोळ्याला हा फरक कळतो.

बाजारच्या बाटलीत परिरक्षक असतो म्हणून ती महिनोन्महिने चालते. घरच्या पाण्यात तो नाही. काचेची बाटली दहा मिनिटे पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून घ्यावी. फ्रीजमध्ये ऊर्ध्वपातित गुलाबपाणी आठवडाभर, काढा आणि तांदळाचे पाणी दोन-तीन दिवस, काकडीचा रस एक दिवस, असा अंदाज ठेवावा. स्प्रेची बाटली सोयीची, पण तिच्या नळीत आणि तोंडाशी बुळबुळीत थर धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही. आंबूस वास, तळाशी कापसासारखे तंतू किंवा पाण्याला आलेली तार यांपैकी एकही दिसले तर ते पाणी कुंडीत ओतावे. एकदम अधिक केले असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावे, आणि रोज रात्री एक खडा वाटीत काढून झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी चेहऱ्याला पुरेल एवढे पाणी त्यात झालेले असते.