अष्टमीचे अष्टमकर

गावाचा इतिहास म्हटला की आपण किल्ला शोधतो, सनद शोधतो. अष्टमीचा इतिहास शोधताना आम्हांला एक आडनाव पुरले.

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे, दुसऱ्या तीरावर अष्टमी. १६७४ साली शिवराज्याभिषेकास निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलहून याच वाटेने रायगडास गेला. पण तो वाटसरू. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्यांत बेने इस्राएल, म्हणजे कोकणचे यहुदी, होते. जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यास आपली सात जोडपी लागली, असे त्यांची परंपरा सांगते. केव्हा, यावर पंडितांनी खुशाल भांडावे. पुढे ते कोकणात पांगले व ज्या गावी राहिले त्याचे नाव लावू लागले : पेणकर, रोहेकर, अष्टमकर.

या समाजाचा कोकणातला मुख्य धंदा तेलाचा. शुक्रवारी सूर्य मावळला की घाण्याचा बैल सुटे, तो शनिवारच्या तिन्हीसांजेपर्यंत पुन्हा जुंपला जात नसे. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शेजाऱ्याचा धर्म लोकांनी ओळखला तो ग्रंथावरून नव्हे, तेल कोणत्या दिवशी मिळत नाही यावरून! ग्रंथ त्यांच्यापाशीही उरले नव्हते. हिब्रू प्रार्थनेतले 'शमा' तेवढे मुखी राहिले होते. सुंता, शनिवार, पंख व खवले असलेलीच मासळी, एवढ्यावर धर्म तगला. बाकी भाषा मराठी, लुगडे मराठी, गळ्यात मंगळसूत्र. नवस फेडायचा तर पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा, आणि स्मरण एलिया संदेष्ट्याचे.

नंतर कंपनीच्या पलटणींनी व मुंबईच्या कचेऱ्यांनी तरुणांना ओढून नेले. १८८० च्या सुमारास मुंबईत या समाजाने बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तने सुरू केली. ती रचणाऱ्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे नाव अग्रभागी आहे. गाव सुटले होते. कीर्तनाचा ठेका सुटला नव्हता.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि हळूहळू बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तेथे काही धर्मगुरूंनी विचारले, विवाहसंबंधास हे पुरते यहुदी आहेत काय? मोर्चे निघाले, धरणी झाली. १९६४ साली सरकारने त्यांची बाजू मान्य केली. कोकणात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. तेथे शनिवारी घाणा बंद असे, एवढा पुरावा गावाला पुष्कळ होता.

अश्दोद, लोद या शहरांतल्या बेने इस्राएल घरांत अजूनही मलिद्याचे ताट भरते. पोहे भिजवतात, वर ओले खोबरे पेरतात.