सुपा-जोयड्याच्या वाटा

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याचा जोयडा तालुका क्षेत्रफळाने जिल्ह्यात सर्वांत मोठा आणि वस्तीने सर्वांत विरळ आहे. सुमारे 1,900 चौरस किलोमीटरांच्या या मुलखात जेमतेम 50 हजारांच्या आसपास माणसे राहतात. पश्चिमेला गोवा, उत्तरेला बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, पूर्वेला हल्याळ व दांडेली आणि दक्षिणेला घाटाखाली कारवार. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. जुनी माणसे अजूनही तालुक्याला 'सुपा' म्हणतात. सुपे गाव धरणाखाली गेल्यावर कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि नावही मागोमाग बदलले.

घाटमाथा आणि बंदरे यांच्या मधोमध असल्यामुळे या तालुक्यातून माल जाणे अटळ होते. माल मात्र बहुधा दुसरीकडचाच असे. कापूस धारवाडचा, मीठ गोव्याचे, खनिज सांडूरचे, आजचा कोळसा परदेशचा. या मालासाठी डोंगर फोडले गेले, बोगदे खणले गेले, नदीवर पूल आले. त्या वाटांच्या दोन्ही अंगांना राहणारा कुणबी आणि धनगर गवळी मात्र पुष्कळ काळ पायवाटेनेच चालत राहिला. तालुक्याच्या दळणवळणाचा इतिहास पाहताना ही विसंगती पावलोपावली भेटते.

रेल्वेपूर्वी व्यापार बैलांच्या पाठीवरून चाले. वंजाऱ्यांचे तांडे घाटमाथ्यावरचे धान्य खाली नेत आणि परतीला मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणत. गोव्याकडे उतरणारी तिनईची वाट, डिग्गीची वाट आणि कारवारकडे उतरणारा अणशीचा घाट या त्यांतल्या ठळक वाटा. तिनईघाट हे नाव आज एका रेल्वे स्थानकाने जपले आहे. कारवारच्या बाजूने काळी नदीतून कद्र्यापर्यंत होड्या येत आणि तेथून पुढे चढ सुरू होई. पावसाळ्याचे चार महिने हा सारा व्यवहार थांबे. बैलांचे खूर चिखलात रुतत, ओढे ओलांडता येत नसत, आणि म्हणून पावसाआधी मीठ-मिरची भरून ठेवण्याची रीत घराघरांत रुजली.

1862 साली उत्तर कन्नड जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला होता आणि धारवाडचा कापूस जवळच्या बंदरातून उचलावा, अशी व्यापाऱ्यांची निकड होती. ते बंदर कारवार. पाठोपाठ घाटरस्त्यांची कामे निघाली. कारवारपर्यंत रेल्वे येणार ही आशाही तेव्हापासूनची. अणशी, कद्रा, सुपे, हल्याळ ही गावे या व्यापारी हिशेबात वाटेवरचे टप्पे म्हणून आली. सुपे हे हल्याळ तालुक्याचे पेठे, म्हणजे दुय्यम महालाचे ठाणे होते. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव बाजाराचे आणि सरकारी कामाचे ठिकाण होते.

कारवारची आशा मोडली ती 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने. 26 डिसेंबर 1878 रोजी झालेला हा तह जानेवारी 1880 पासून अमलात आला. त्याने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातील जकातीची भिंत बारा वर्षांसाठी काढली. गोव्यातील मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल 4 लाख रुपये मिळू लागले. याच तहात मुरगाव बंदर ब्रिटिश रेल्वेशी जोडण्याचे ठरले. कारवारसारखे नैसर्गिक बंदर हाताशी असताना परक्या राज्यातील मुरगाव निवडले गेले. कारवारला रेल्वे दिसायला त्यानंतर शंभरावर वर्षे गेली, तीही कोकण रेल्वेच्या रूपाने.

लंडनमध्ये 1881 साली वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी उभी राहिली. ड्यूक ऑफ सदरलँड हा तिचा प्रमुख पाठीराखा. भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती आणि ती हमी पुढे गोव्याच्या तिजोरीला फार जड गेली. 1887 मध्ये मुरगावहून सावर्डेपर्यंतचा मार्ग सुरू झाला आणि 1888 मध्ये गाडी घाट चढून कॅसलरॉकला आली. लोंढ्याकडून सदर्न मराठा रेल्वेचा फाटा येऊन तेथे मिळाला. घाटाला पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ब्रागांझा हे नाव पडले. कुळे, सोनावळी, दूधसागर, कारंझोळ ही स्थानके मागे टाकीत रूळ घाटमाथ्यावर पोचतात. चढ इतका तीव्र आहे की दर 37 फुटांना 1 फूट उंची गाठावी लागते. म्हणून गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने, ज्यांना रेल्वेचे लोक 'बँकर' म्हणतात, तेव्हापासून आजपर्यंत जोडली जातात. उतरताना कॅसलरॉकला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही.

जंगलात वसलेले हे स्थानक काही काळ दोन साम्राज्यांचा दरवाजा होते. कॅसलरॉकला इंग्रजी जकातनाका, कुळ्याला पोर्तुगीज जकातनाका. 1892 मध्ये तहाची मुदत संपली, तो वाढवला गेला नाही आणि जकात पुन्हा सुरू झाली. मुंबई-पुण्याकडे नोकरीला निघालेला गोंयकार मिरजेच्या गाडीने जायचा तर त्याला आपली पेटी येथे उघडून दाखवावी लागे. हमाल, पॉइंट्समन, जकातीचे शिपाई, चहावाले, बेळगावहून भाजी-अंडी पाठवणारे दलाल यांची एक लहानशी नगरी येथे वसली. मराठी, कोकणी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषा एका फलाटावर ऐकू येत. या मार्गाने घाटमाथ्यावरचा कापूस मुरगावला गेला, विसाव्या शतकाच्या आरंभी सांडूरचे मँगनीज गेले, आणि गोव्याला लागणारा तांदूळ, भाजीपाला, गुरे खाली उतरली.

तालुक्याला यातून काय मिळाले, हा प्रश्न विचारला तर उत्तर तोकडे निघते. कॅसलरॉक आणि तिनईघाटच्या आसपास मजुरी मिळाली, जंगलखात्याचे लाकूड डब्यांत भरायला हात लागले. पण ज्या काळात रेल्वे आली, त्याच काळात कुमरी बंद होत गेली. डोंगरउतारावरचे रान तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी-वरी पेरण्याची ही फिरती शेती सुप्याच्या कुणब्यांची उपजीविका होती. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या तसा तो आधार गेला आणि स्वतःच्या राबावर जगणारा माणूस लाकूडतोडीचा मजूर झाला. गाडी आणि बंदी एकाच पिढीने पाहिली. कंदांची शेती मात्र परसात टिकली, आणि जोयड्यात अलीकडे भरणाऱ्या कंदमेळ्यांत त्या जुन्या शहाणपणाची ओळख शहरी लोकांना होते.

वस्ती विरळ राहण्याचे आणखी एक कारण हिवताप. सुपे पेठ्याची ख्याती तापाचा मुलूख अशीच होती. येथे बदली झालेला कारकून रजेच्या अर्जाची तयारी ठेवूनच येई. या तापावर पहिला मोठा घाव 1945-46 च्या सुमारास बसला. मुंबई प्रांताच्या आरोग्य खात्यातील डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार (त्या वेळच्या भाषेत कानडा) आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोहीम राबवली. देशातील अशा प्रकारच्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी हा एक. तापाची भीती ओसरली तेव्हा कुठे जंगलाच्या पोटात कारखाने, धरणे, वसाहती यांची आखणी शक्य झाली. रस्त्याच्या इतिहासात फवारणीच्या पंपाला स्थान द्यायचे ते याचसाठी.

स्वातंत्र्यानंतर गोवा पोर्तुगीजांकडेच राहिल्याने सीमा अधिक ताठ झाली. 1955 मध्ये भारताने गोव्याशी रेल्वेचा संबंध तोडला आणि कॅसलरॉकच्या पुढचे रूळ सुने पडले. सहा-सात वर्षे हे स्थानक शेवटचे स्थानक होते. ज्या गावाचे पोटच ये-जा करणाऱ्यांवर चालले होते, त्याच्यावर ही कुऱ्हाड होती. 18 डिसेंबर 1961 च्या पहाटे भारतीय सैन्याची एक तुकडी, 63 वी ब्रिगेड, याच तालुक्यातील अनमोडच्या वाटेने गोव्यातील मोले गावात उतरली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज राजवट संपली. पुढे रूळ पुन्हा जोडले गेले, पण जकातनाका गेल्यामुळे कॅसलरॉकचा जुना रुबाब परत आला नाही. अनमोडचा घाटरस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, बेळगाव-पणजी वाहतूक तिकडे वळली आणि त्या रस्त्यावरचे रामनगर वाढू लागले.

दरम्यान 1 नोव्हेंबर 1956 रोजी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कारवार, सुपा आणि हल्याळ या तालुक्यांवर महाराष्ट्राचा दावा राहिला, शाळा आणि कारभाराच्या भाषेचा वाद राहिला. बाजाराची ओढ मात्र राज्याच्या रेषेला जुमानत नाही. रामनगर-तिनईघाटकडची माणसे आजही खरेदीला, दवाखान्याला लोंढा-खानापूर-बेळगाव गाठतात आणि जिल्ह्याच्या कामासाठी तेवढे कारवार.

पूर्वेला दांडेलीत वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली आणि सुप्याच्या रानातला बांबू ट्रक भरभरून जाऊ लागला. 1958 मध्ये सरकारने गिरणीला बांबू टनामागे दीड रुपया या दराने देण्याचे मान्य केले. बाजारात तोच बांबू बुरडाला कितीतरी पटींनी महाग पडे. डॉ. माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात या जिल्ह्यातील बांबूचा अभ्यास केला आणि ही तफावत व रानाची झालेली हानी लोकांसमोर आणली. रानात ट्रकसाठी रस्ते झाले खरे. ते तोडीच्या ठिकाणापर्यंत जात आणि तेथेच संपत. एखादे गाव त्या वाटेवर पडले तर त्याचे नशीब.

सर्वांत मोठा फेरफार धरणाने केला. काळी जलविद्युत प्रकल्पाचे काम 1970 च्या दशकात सुरू झाले. सुप्याला 101 मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण बांधण्यात आले, ते 1987 मध्ये पुरे झाले. खाली अंबिकानगरजवळ नागझरीचे मोठे वीजघर याच पाण्यावर चालते आणि राज्याला वीज पुरवते. पाणी भरले तसे संगमावरचे सुपे गाव, त्याची पेठ, देवळे, कचेऱ्या आणि हल्याळ-सुपे-अणशी हा जुना रस्ता बुडाला. भोवतालच्या खेड्यांची भातखाचरेही गेली, आणि या डोंगराळ मुलखात सपाट ओलिताची जमीन तेवढीच होती. पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसवण्यात आली. रस्ता गणेशगुडीवरून फिरवून जोयड्याला आणला गेला, तेथून कुंभारवाडा, अणशी, कद्रा असा तो कारवारला जातो. पण जलाशयाच्या पलीकडे राहिलेल्या वाड्यांना पूर्वी बाजार पायी तासाभरावर होता, त्यांना आता बाजार गाठायला पाण्याला वळसा घालावा लागू लागला. तालुक्याचे केंद्र बुडणे म्हणजे केवळ चार-आठ सरकारी इमारती हलवणे नव्हे. आठवड्याचा बाजार, सोयरिकी, उधारीचे दुकान, जत्रेचा मुक्काम या साऱ्यांची गाठ सुटली, आणि भरपाईच्या कागदात यांतल्या कशालाही रकाना नव्हता.

एक जुनी वाहतूक मात्र धरणाने आणि मोटारीनेही थांबवली नाही. जोयडा तालुक्यातील उळवी येथे चन्नबसवेश्वरांची समाधी आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे भरणाऱ्या जत्रेला धारवाड, बेळगाव भागातून लिंगायत शेतकरी आजही छकडे जुंपून येतात. सजवलेली खिल्लारी बैलजोडी, गाडीत शिधा आणि चारा, वाटेत ठरलेल्या मुक्कामांवर चुली. जंगलातल्या वाटेवर अशा गाड्यांची रांग लागते तेव्हा रेल्वेपूर्वीचा घाटमाथा कसा चालत असेल, याची कल्पना पुस्तकापेक्षा जास्त नीट येते.

1987 मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, 2007 मध्ये दांडेली अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. येथून पुढे रस्त्याचा प्रश्न जंगलाच्या परवानगीचा प्रश्न झाला. खडी टाकायची, साकव बांधायचा, विजेचा खांब रोवायचा तरी वनखात्याची मान्यता हवी. ज्यांना बाहेर पडायचे असेल त्यांच्यासाठी कुटुंबामागे 10 लाख रुपयांची पुनर्वसन योजना आली. काहींनी ती स्वीकारली. त्यामागे वाघापेक्षा शाळा आणि दवाखान्याचे अंतर अधिक असावे, असे वाटण्यास जागा आहे.

रुळांचा प्रश्नही याच जंगलात अडला. 1990 च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले आणि मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागला. ही वाहतूक वाढवण्यासाठी तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे मार्ग दुहेरी करण्याची योजना पुढे आली. गोव्यात तिला जोराचा विरोध झाला. 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. पश्चिम घाटाची नाजूक अवस्था पाहता हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. दरडींनी त्याला पुरावाही दिला आहे. 23 जुलै 2021 रोजी दूधसागर-सोनावळीच्या दरम्यान दरड कोसळून प्रवासी गाडी रुळांवरून घसरली होती.

तालुक्याच्या आतली वाहतूक आजही मोजक्या बसगाड्यांवर आणि जीपांवर चालते. संध्याकाळी येऊन सकाळी सुटणारी वस्तीची बस हीच पुष्कळ गावांची वेळ ठरवते. दूध, कोकम, सुपारी, मध, कंद हा माल थोडाथोडा निघतो, म्हणून टेम्पो भरत नाही आणि भाडे परवडत नाही. शेतकरी मग दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला तो सांगेल त्या भावाने माल देतो. गेल्या काही वर्षांत होमस्टे आणि गणेशगुडीच्या राफ्टिंगमुळे पर्यटकांच्या गाड्या वाढल्या आणि मुख्य रस्त्यालगतच्या तरुणांना काम मिळाले. रस्त्यापासून आत, ओढ्यापलीकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात आजारी माणसाला अजूनही कांबळ्याची झोळी करून चार खांद्यांवर रस्त्यापर्यंत आणावे लागते.