प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास वेळीच शैक्षणिक सहाय्य : महाराष्ट्रातील वाटचाल आणि चिखली परिसरापुढील प्रश्न

प्रस्तावना

महाविद्यालयात नव्याने आलेला विद्यार्थी पहिल्याच वर्षी मागे पडतो, हा अनुभव प्राध्यापकवर्गास नवा नाही. परंतु तो मागे पडत आहे हे प्रथम कोणाच्या लक्षात येते, केव्हा येते आणि लक्षात आल्यावर त्याला मदतीसाठी कोणाकडे पाठविले जाते, या तीन प्रश्नांचा ऐतिहासिक विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या वाटचालीतून या प्रश्नांचा मागोवा घेतला असून, त्याच्या आधारे पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील चिखली परिसराचा विचार केला आहे.

परीक्षाकेंद्री प्रारंभ

१८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. परीक्षा घेणे व पदव्या देणे हे त्याचे मुख्य कार्य होते. अध्यापनाची जबाबदारी महाविद्यालयांवर होती. १८५९ मधील पहिल्या मॅट्रिक परीक्षेस १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. हे आकडे प्रवेशपरीक्षेचे असले, तरी त्यांतून व्यवस्थेची वृत्ती स्पष्ट होते. गुणवत्तेची निवड परीक्षेने करावी आणि अपयशाची जबाबदारी विद्यार्थी व त्याचे कुटुंब यांनी घ्यावी, असे तिचे गृहीतक होते.

लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील एक सुपरिचित प्रसंग येथे बोधप्रद ठरतो. डेक्कन कॉलेजमधील पहिले वर्ष त्यांनी प्रामुख्याने शरीर कमावण्यासाठी खर्च केले आणि ते त्या वर्षीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. पुढे १८७६ मध्ये त्यांनी बी.ए. प्रथम श्रेणीत पूर्ण केले. हा प्रसंग सामान्यतः निर्धाराचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तथापि त्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. टिळकांना घरचा आधार होता, महाविद्यालयात राहण्याची सोय होती आणि केरूनाना छत्रे यांच्यासारख्या गुरूंचा सहवास होता. एक वर्ष गमावणे ज्याला परवडते, त्याच्यासाठी अपयश ही केवळ एक पायरी असते. ज्याला ते परवडत नाही, त्याचे शिक्षण तेथेच संपते आणि त्याची नोंद कोणत्याही चरित्रात सापडत नाही.

वसतिगृहाची नजर

हे गृहीतक विसाव्या शतकात बहुजन शिक्षणाच्या चळवळीने बदलले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वामुळे श्रम, निवास आणि अध्ययन एकाच छताखाली आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या विद्यमाने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू झाले. मिलिंदच्या परिसरातही वसतिगृहांना महत्त्वाचे स्थान होते.

या संस्थांचे महत्त्व सामाजिक दृष्टीने पुष्कळ वर्णिले गेले आहे. त्यांचे शैक्षणिक वैशिष्ट्य मात्र थोडे वेगळे आहे. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी सकाळच्या तासाला आला नाही, तरी संध्याकाळी पंगतीत दिसतो. पंगतीतही दिसला नाही, तर त्याची विचारपूस होते. तो आजारी आहे, इंग्रजीला घाबरला आहे की घरी परतण्याच्या विचारात आहे, हे कळण्यासाठी परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. ‘शैक्षणिक सहाय्यासाठी शिफारस’ असे नाव त्या काळी कोणी दिले नव्हते. पण अडचण ओळखणे, योग्य व्यक्तीकडे पाठविणे आणि पुन्हा चौकशी करणे या तिन्ही गोष्टींना सहवासामुळे वाव होता.

आयोग, योजना आणि मूल्यांकन

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ कार्यान्वित झाले. १९५९ पासूनच्या ई.बी.सी. शुल्कसवलतीमुळे अल्प उत्पन्न गटातील मुलांना शिक्षणाचे दार अधिक उघडले. विद्यार्थिसंख्या वाढली, तिच्या प्रमाणात वसतिगृहे वाढली नाहीत. बहुसंख्य विद्यार्थी घरून येऊन-जाऊन शिकणारे झाले आणि सहवासातून लाभणारी नजर क्षीण झाली.

या उणिवेची जाणीव धोरणकर्त्यांना नव्हती, असे म्हणता येत नाही. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) व्याख्यानांना ट्यूटोरियलची जोड देण्याचा आग्रह धरला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तर नवागत विद्यार्थ्यांसाठी वर्षारंभी उद्बोधन, प्रत्येक विद्यार्थ्यास एक शैक्षणिक सल्लागार आणि दर हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक अशा नेमक्या शिफारशी केल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांच्या उद्बोधनाची मार्गदर्शिका २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. दोहोंमधील अंतर अर्धशतकाहून अधिक आहे.

मधल्या काळात आयोगाची उपचारात्मक अध्यापनाची योजना आली. अनुसूचित जाती-जमातींसह इतर मागासवर्गीय व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण मंडळाने विशेष मार्गदर्शन योजना राबविली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकच्या मूल्यांकनामुळे शिक्षक-पालक योजना आणि मंदगती विद्यार्थ्यांसाठीचे उपक्रम यांच्या नोंदी ठेवणे महाविद्यालयांना आवश्यक झाले. या सर्वांचे मोल निश्चितच मोठे आहे. तथापि त्यांत एक पोकळी राहिली. लाभार्थी ठरविताना प्रवर्ग, उत्पन्न किंवा मागील परीक्षेचे गुण पाहिले गेले; वर्गात प्रत्यक्ष दिसणारी अडचण हा निकष दुय्यम राहिला. शिवाय ‘मंदगती’ या शिक्क्यामुळे गरजू विद्यार्थीच त्या वर्गास येण्यास संकोचतो. ए.टी.के.टी.च्या सवलतीने विद्यार्थ्याचे वर्ष वाचते. परंतु मूळ अडचण तशीच पुढील वर्गात जाते.

चिखली : औद्योगिक पट्ट्यातील नवे संदर्भ

इंद्रायणीकाठचे चिखली हे संत तुकारामांचे टाळकरी मल्हारपंत कुलकर्णी यांचे गाव म्हणून वारकरी परंपरेत ओळखले जाते. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली व १९९७ मध्ये चिखली तिच्यात समाविष्ट झाले. शेतीच्या गावाभोवती कामगारांच्या वस्त्या, घरकुल प्रकल्प, लघुउद्योग आणि कुदळवाडीची भंगार गोदामे उभी राहिली. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून तसेच परराज्यांतून कुटुंबे येऊन स्थिरावली.

अशा परिसरातील प्रथम वर्षाचा विद्यार्थी अनेकदा अर्धवेळ कामगारही असतो. पाळी बदलली की त्याचा पहिला तास बुडतो. सलग बुडाला की विषयाचा धागा सुटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडी भागातील हजारो बांधकामे पाडली, तेव्हा महाविद्यालयांत द्वितीय सत्र सुरू होते. ज्या घराचे काम वा दुकान त्यात गेले, तेथील मुलाची हकिगत हजेरीपटात केवळ गैरहजेरी म्हणून उमटते. सत्रान्त परीक्षेत तीच अनुत्तीर्ण या शब्दात उमटते. कारण मात्र दोन्ही ठिकाणी दिसत नाही.

येथे वसतिगृहाची पंगत नाही. म्हणून हजेरीपटालाच तिचे काम करावे लागते. ते काम प्रथम वर्षाच्या वर्गांवर जाणाऱ्या शिक्षकाकडे येते आणि अनेक महाविद्यालयांत हा शिक्षक तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. तासापलीकडच्या कामाचे मानधन त्याला नसते व पुढील वर्षी तो तेथे असेलच याची शाश्वती नसते. विद्यार्थ्याची अडचण ज्याला सर्वप्रथम दिसते, त्याच्याच हाती पुढचे साधन नाही, हा आजच्या व्यवस्थेतील खरा दुवा तुटलेला आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की महाराष्ट्राने विद्यार्थ्याला प्रवेश देण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला; प्रवेशानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. सहाय्याच्या योजनांची वाण नव्हती. त्या बहुधा निकालानंतर जाग्या झाल्या.

त्या दृष्टीने काही गोष्टी अल्पखर्चात शक्य आहेत. पहिल्या चार आठवड्यांतच लहानसे लेखन करून घ्यावे आणि सलग गैरहजेरीची विचारपूस व्हावी. शिफारस ‘मंदगती विद्यार्थी’ अशी न करता ‘लेखाकर्मातील अमुक घटक’ अथवा ‘इंग्रजी परिच्छेदाचे आकलन’ अशी विषयनिष्ठ असावी. ज्याच्याकडे विद्यार्थी पाठविला, त्या शिक्षकाचे नाव विद्यार्थ्याला ठाऊक असावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा चौकशी व्हावी. या कामाचे तास तासिका तत्त्वावरील शिक्षकाच्या मानधनात धरले जाणेही न्याय्य ठरेल.

साताऱ्याच्या वसतिगृहात जे सहवासाने साधत होते, ते चिखलीसारख्या परिसरात नियोजनाने साधावे लागेल. पंगतीतील रिकामी जागा ज्या तत्परतेने दिसत असे, त्याच तत्परतेने वर्गातील रिकामा बाक दिसला, तर कर्मवीरांचा वारसा महाविद्यालयांनी खऱ्या अर्थाने जपला असे म्हणता येईल.