एका धन्याकडून अनेक वर्गणीदारांकडे : अठराव्या शतकातील इंग्रज लेखकांचा ग्राहकशोध

सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडात केवळ लेखणीवर निर्वाह करू पाहणाऱ्या माणसापुढे तीन मुख्य मार्ग होते : दरबारची नेमणूक, नाटकांचे उत्पन्न आणि एखाद्या सरदाराचा आश्रय. ग्रंथविक्रीतून फारसे हाती लागत नसे. कारण पुस्तकविक्रेता, जो त्या काळी प्रकाशकही असे, हस्तलिखित ठोक रकमेला विकत घेई आणि पुढच्या आवृत्त्यांचा नफा त्याच्याच पदरी पडे. त्यामुळे अर्पणपत्रिका, म्हणजे ग्रंथाच्या आरंभी थोर व्यक्तीस उद्देशून लिहिलेला स्तुतिपर मजकूर, ही निव्वळ कृतज्ञतेची रीत न राहता उत्पन्नाची एक बाब झाली. तिच्याबद्दल रोख बिदागी मिळण्याची अपेक्षा असे आणि दात्याची मर्जी फिरली की लेखकाचे वर्षच बुडे.

या परावलंबनातून वाट काढणारी पद्धत आगाऊ वर्गणीची होती. लेखक नियोजित ग्रंथाचे स्वरूप, आकार आणि किंमत सांगणारे निवेदन छापून घेई. इच्छुकाकडून किमतीचा काही भाग आधी घेऊन त्याला पावती दिली जाई आणि ग्रंथ हाती पडल्यावर उरलेली रक्कम वसूल होई. वर्गणीदारांची नावे ग्रंथाच्या आरंभी छापली जात. ही पद्धत त्या शतकाच्या पूर्वार्धापासून तुरळक चालत आली असली, तरी तिचे सामर्थ्य जॉन ड्रायडनच्या उदाहरणाने उघड झाले. कॅथलिक झालेल्या ड्रायडनचे राजकवीचे पद १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर गेले, तेव्हा त्याने व्हर्जिलच्या काव्यांचे भाषांतर हाती घेतले आणि जेकब टॉन्सन या प्रकाशकाने १६९७ मध्ये ते वर्गणीच्या आधारे प्रसिद्ध केले. पाच गिनी देणाऱ्या १०१ वर्गणीदारांपैकी प्रत्येकाचे कुलचिन्ह ग्रंथातील एकेका चित्राखाली कोरले गेले, तर दोन गिनी देणाऱ्यांची नावे केवळ यादीत आली. गिनी हे सोन्याचे नाणे पुढे २१ शिलिंगांचे ठरले. नव्या राजाला ग्रंथ अर्पण करण्याचे ड्रायडनने टाळले, तरी त्याचे तीन भाग मात्र त्याने तीन सरदारांना अर्पण केले. म्हणजे जुनी रीत सुटली नव्हती. तिच्या शेजारी दुसरी उभी राहिली होती.

पुढचे पाऊल अलेक्झांडर पोपने टाकले. तोही कॅथलिक असल्याने सरकारी पदे त्याला बंद होती. होमरच्या ‘इलियड’च्या भाषांतराचे सहा खंड, प्रत्येकी एक गिनी या दराने, १७१५ ते १७२० या काळात निघाले. प्रकाशक बर्नार्ड लिंटॉटने प्रत्येक खंडासाठी त्याला २०० गिनी देण्याचे मान्य केले, शिवाय वर्गणीदारांना द्यावयाच्या प्रतीही विनामूल्य पुरवल्या. ५७५ वर्गणीदारांची ती यादी आपोआप भरली नाही. जोनाथन स्विफ्टसारखे मित्र दरबारी मंडळींना गाठून वर्गणीचा आग्रह करीत. एखाद्या मातब्बराचे नाव यादीत आले की त्याच्या वर्तुळातील इतरांनाही बाहेर राहणे कमीपणाचे वाटे, आणि राजकारणात एकमेकांचे वैरी असलेल्या व्हिग व टोरी पक्षांचे लोक या यादीत शेजारी बसले. या एका ग्रंथातून पोपला सुमारे ५,००० पौंड मिळाले. पूर्ण झालेला ग्रंथ त्याने कोणा सरदाराला अर्पण न करता विल्यम काँग्रीव्ह या नाटककाराला अर्पण केला. अर्पणपत्रिकेवर पोट अवलंबून राहिले नाही, तेव्हा ती एका लेखकाने दुसऱ्या लेखकाला दिलेल्या मानाची खूण होऊ शकली.

सॅम्युअल जॉन्सनच्या आयुष्यात या व्यवसायाचे जवळजवळ सर्व प्रकार एकत्र आढळतात. मासिकासाठी मजकूर लिहिणे हे त्याचे नित्याचे काम होते. त्याखेरीज तो खासगी गिऱ्हाइकांसाठीही लिहीत असे. जॉन टेलर या धर्मोपदेशक मित्रासाठी त्याने प्रवचने रचली, इतर लेखकांच्या ग्रंथांना अर्पणपत्रिका लिहून दिल्या, आणि ऑक्सफर्डमधील रॉबर्ट चेंबर्सला कायद्याची व्याख्याने तयार करण्यास गुपचूप हातभार लावला. ही कामे जाहिरातीने नव्हे, ओळखीने आणि लौकिकाने येत, आणि त्यांवर जॉन्सनचे नाव येत नसे. आपल्या इंग्रजी शब्दकोशासाठी त्याने १७४६ मध्ये पुस्तकविक्रेत्यांच्या एका गटाशी १,५०० गिनींचा करार केला. मदतनिसांचे वेतनही त्यातूनच भागवायचे होते. कोशाची योजना लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून लिहिली गेली, परंतु वर्षानुवर्षे त्याने लक्ष दिले नाही, आणि १७५५ मध्ये कोश प्रसिद्ध होण्याच्या सुमारास तो स्तुती करू लागला, तेव्हा जॉन्सनने प्रसिद्ध पत्राने ते आश्रयदातृत्व नाकारले. ते नाकारणे त्याला शक्य झाले याचे श्रेय त्याच्या स्वाभिमानाला आहे, तसेच पुस्तकविक्रेत्यांच्या कराराला आहे.

वर्गणीदारांचे ऋण मात्र वेगळे असते. शेक्सपिअरच्या नाटकांच्या संपादित आवृत्तीसाठी जॉन्सनने १७५६ मध्ये वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. ग्रंथ पुढच्याच वर्षी देण्याचे वचन असताना तो १७६५ मध्ये निघाला, आणि दरम्यान चार्ल्स चर्चिल या कवीने त्याच्या दिरंगाईवर उघड टीका केली. वर्गणीदारांची नावे हरवली आणि पैसे खर्च झाले, म्हणून यादी छापली नाही, असे पुढे जॉन्सनने स्वतःच सांगितले. एका धन्याच्या लहरीतून सुटलेल्या लेखकावर शेकडो लोकांना वेळेवर काम देण्याची जबाबदारी आली, आणि ती मोडल्यास होणारी अपकीर्तीही तेवढीच व्यापक होती.

वर्गणीची यादी कोणाच्या हाती आहे, यावरही लेखकाचे स्वातंत्र्य अवलंबून असे. ब्रिस्टलजवळ दूध विकणाऱ्या अ‍ॅन यर्स्लीच्या कवितांसाठी हॅना मोर या प्रतिष्ठित लेखिकेने १७८५ मध्ये एक हजारांहून अधिक वर्गणीदार मिळवले. परंतु जमलेली रक्कम मोर आणि त्यांची एक श्रीमंत मैत्रीण यांच्या ताब्यात विश्वस्त निधी म्हणून ठेवण्यात आली. आपल्याच कमाईवर अधिकार नसल्याचे पाहून यर्स्लीने विरोध केला आणि मोर यांच्याशी संबंध तुटले तरी माघार घेतली नाही. याउलट गुलामगिरीतून स्वतःची सुटका विकत घेतलेल्या ओलौडाह इक्वियानोने १७८९ मध्ये आपले आत्मचरित्र वर्गणीवर प्रसिद्ध करताना त्याचा प्रकाशनहक्क स्वतःकडे राखला, गावोगाव फिरून प्रती विकल्या आणि प्रत्येक आवृत्तीत नव्या वर्गणीदारांची भर घातली. त्याच्या हयातीत त्या ग्रंथाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या, आणि ती यादी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांची साक्षही ठरली.

मराठी वाचकाला हा इतिहास सर्वस्वी परका नाही. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले भाषांतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी पुरे केले, आणि १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. ते स्वतः सरकारी शाळेत शिक्षक असताना सरकारवर परखड टीका करणारे हे मासिक चालवीत होते. १८७९ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि शाळा, छापखाना व लेखन यांवर आपले आयुष्य उभे केले. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांत आढळणाऱ्या आश्रयदात्यांच्या याद्याही याच पद्धतीच्या नात्यातील आहेत.

या साऱ्या इतिहासावरून असे दिसते की लेखकाला आश्रयावाचून जगता आले नाही. त्याने आश्रय वाटून घेतला. एका माणसाने दिलेल्या शंभर गिनींपेक्षा शंभर माणसांनी दिलेली एकेक गिनी त्याला अधिक मोकळे ठेवी, कारण त्यांतील एकाचा रोष त्याची लेखणी थांबवू शकत नसे. परंतु ही मुक्तता टिकण्यास दोन गोष्टी लागत : वर्गणीदारांची यादी आणि ग्रंथाचा हक्क स्वतःच्या हाती असणे, आणि दिलेले वचन पाळणे. पहिलीच्या अभावी यर्स्लीला आपल्याच कमाईसाठी भांडावे लागले आणि दुसरीच्या अभावी जॉन्सनसारख्या थोर लेखकालाही बोल लागला. आज स्वतंत्रपणे लिहून ग्राहक मिळवणाऱ्या प्रत्येक लेखकाला या दोन्ही अटी तशाच लागू आहेत.