गणितीय सहप्रक्रियक
गणितीय सहप्रक्रियक : वैयक्तिक संगणकातील मुख्य प्रक्रियकाच्या जोडीने काम करणारी व अपूर्णांकी संख्यांची आकडेमोड स्वतःकडे घेणारी स्वतंत्र चिप. इंटेल कंपनीने १९८० मध्ये ८०८६ व ८०८८ या प्रक्रियकांसाठी ८०८७ ही अशी चिप काढली. या प्रक्रियकांच्या सूचनांत पूर्णांकांचेच अंकगणित असे. वर्गमूळ, लॉगरिथम इत्यादींसाठी लांबलचक कार्यक्रम चालवावा लागे. आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात ८०८७ साठी खोबण होती, पण ती रिकामी असे. चिप घ्यावयाची की नाही, हे ग्राहकाने ठरवावयाचे. पत्रलेखनासाठी तिचा उपयोग नव्हता. अभियांत्रिकी आरेखनासाठी मात्र ती घेणे प्राप्त होते. ऑटोकॅड ही आरेखनप्रणाली १९८७ मधील नवव्या आवृत्तीपासून अशा संगणकावर सहप्रक्रियकावाचून चालत नसे.

इंटेलच्या ८०३८७ (१९८७) या महागड्या चिपेला १९८९ पासून सायरिक्स, आयआयटी, यूएलएसआय इत्यादी कंपन्यांनी स्वस्त पर्याय दिले. त्याच खोबणीत बसणे व त्याच सूचना पाळणे हा सुसंगतपणाचा एक भाग. उत्तरेही जुळणे हा दुसरा व अधिक अवघड भाग होय. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व वर्गमूळ यांची उत्तरे कशी असावीत हे आयईईई ७५४ (१९८५) या मानकाने ठरविले होते. विल्यम काहान यांचा त्यात मोठा वाटा होता. त्रिकोणमितीय फलने मानकाबाहेर होती. ती काढण्यास सायरिक्सने जलद गुणाकारावर आधारलेली वेगळी रीत वापरली व वेगात इंटेलला मागे टाकले. वाइटेकच्या चिपाही वेगवान होत्या, परंतु त्यांच्या सूचनाच निराळ्या असल्याने नेहमीच्या कार्यक्रमांना त्यांचा उपयोग नव्हता. सुसंगत चिप घेतानाही तिचा मेगॅहर्ट्‌झमधील वेग प्रक्रियकाशी जुळतो का, हे पाहावे लागे. ३८६एसएक्स प्रक्रियकाला तर वेगळीच चिप लागे.

स्वस्त चिप विकण्याच्या हक्कावरून न्यायालयीन वाद झाले. यूएलएसआयच्या चिपा ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी बनवून देई व तिला इंटेलशी झालेल्या कराराने तसा परवाना होता. कनिष्ठ न्यायालयाने घातलेली विक्रीबंदी अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने १९९३ मध्ये रद्द केली : परवानाधारकाने माल विकताच त्यावरील एकस्वाचा हक्क संपतो, असा हा निर्णय होता.

तोवर बाजार आटत चालला होता. ४८६ या प्रक्रियकात (१९८९) हे मंडल अंतर्भूतच होते. १९९१ च्या ४८६एसएक्समध्ये ते बंद ठेवून किंमत उतरविली गेली. त्याच्या जोडीला विकली जाणारी ४८७एसएक्स ही चिप नावापुरतीच सहप्रक्रियक होती; वस्तुतः ती संपूर्ण ४८६ असून बसविताच मूळच्या प्रक्रियकाला निष्क्रिय करी.